वर तवा, खाली माठ

बालमित्रांनो, "गरम हवा कुठे जाते?" असं वर्गात विचारलं, की चाळीस बोटं एकदम छताकडे जातात. "वर, बाई!" उत्तर बरोबर आहे. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. पण याच बरोबर उत्तरानं मागच्या उन्हाळ्यात मला आणि माझ्या वर्गाला चांगलंच चकवलं. काय झालं, ते आज सांगते.

आमचं गाव अकोला. इथला उन्हाळा कसा असतो ते वऱ्हाडातल्या मुलांना सांगायला नको. मार्च आला की आमची शाळा सकाळची होते. तेव्हा पोरं कशी टवटवीत असतात! पण माझ्या वर्गातली एक मुलगी रोज पहिल्याच तासाला पेंगायची. एकदा तर पाढे म्हणता म्हणता बाकावर डोकं टेकून झोपून गेली. मी रागावणार होते. पण तिचे डोळे पाहिले आणि जवळ घेऊन विचारलं, "काय गं, रात्री टीव्ही बघतेस का?"

"नाही बाई. वर झोपच येत नाही. बाळ पण रडतं रात्रभर."

वर म्हणजे वरच्या मजल्यावर. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. खाली आजी-आजोबा आणि काका-काकू. घर जुनं, भिंती जाड. वर अलीकडे बांधलेल्या दोन खोल्या, त्यांवर सिमेंटचा स्लॅब. तिथं ही, हिचे आई-बाबा आणि पाच महिन्यांचा भाऊ. खाली बसले तेव्हा बरं वाटलं. जिना चढून वर गेले मात्र, आणि पाच मिनिटांत माझा पदर घामानं भिजला. तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते बरं का! ऊन केव्हाच उतरलं होतं. बाळाच्या मानेवर, पाठीवर लाल घामोळं उठलं होतं. त्याची आई ओल्या फडक्यानं त्याचं अंग टिपत होती.

"काय सांगू बाई," आजी खालून म्हणाल्या, "वर त रात्रभर तवा तापलेलाच रायते."

काकांना हे पटत नव्हतं. "वर वारं असते," ते म्हणाले. "खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे झालं." यावर मुलीच्या आईनं काही म्हटलं नाही, पण तिचा चेहरा मला दिसला. एका घरात, एकाच जिन्याच्या दोन टोकांना दोन ऋतू! वरच्यांना वाटतं, खालच्यांना आपली काळजी नाही. खालच्यांना वाटतं, वरचे उगीच कुरकुरतात. मला काय बोलावं सुचेना. मी चहा घेतला आणि आले.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "वरचा मजला खालच्यापेक्षा जास्त का तापतो?" चाळीस बोटं छताकडे. "गरम हवा वर जाते म्हणून!" मी पण मान डोलावली. मग म्हटलं, चला, मोजून तर पाहू.

शेजारच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून तीन तापमापक मागून आणले. (घरचा ताप मोजायचा थर्मामीटर इथं वापरायचा नाही हं. त्याचे आकडे साधारण ३५ ते ४२ अंशांपर्यंतच असतात, आणि जास्त गरम जागी तो बिघडतो.) एक खालच्या खोलीत, एक वरच्या खोलीत, एक अंगणात सावलीला. भिंतीला न टेकवता, दोरीनं टांगलेले. आकडे लिहायचं काम त्या मुलीचं आणि तिच्या बाबांचं. तिनं वहीच्या पानावर लिहून आणलेले आकडे हे असे :

दुपारी ३ वाजता अंगणात ४३ अंश, खाली ३४, वर ३९. संध्याकाळी ७ वाजता अंगणात ३८, खाली ३५, वर ४१. रात्री १० वाजता अंगणात ३४, खाली ३५, वर ३९. पहाटे ५ वाजता अंगणात २८, खाली ३३, वर ३५.

आता जरा थांबा. पुढे वाचू नका. हे आकडे पुन्हा एकदा पाहा आणि त्यात काय विचित्र आहे ते शोधा.

सापडलं? दुपारी तीननंतर बाहेरचा पारा उतरत होता. पण वरच्या खोलीचा पारा चढत होता! दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ती माझ्या आधी मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या लक्षात आली. एरवी तो गणितात कच्चा. तो म्हणाला, "बाई, खालची हवा तर पस्तीसच होती. मग ती वर जाऊन एक्केचाळीस कशी होईल?"

शाब्बास! ३५ अंशांची हवा वर गेली तर वरची खोली ३५ अंशांची होईल. एक्केचाळीसची कशी होणार? म्हणजे ही उष्णता खालून आलेलीच नव्हती. आमचं बरोबर उत्तर इथं लागूच पडत नव्हतं.

ते उत्तर लागू पडतं ते थंड देशांतल्या घरांत. इंग्लंडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात घरात शेगडी किंवा गरम पाण्याचे रेडिएटर लावतात. उष्णता खाली तयार होते, गरम हवा हलकी होऊन जिन्यानं वर चढते, आणि वर उकडतं नि खाली पाय गारठतात असा प्रकार होतो. तिथले लोक मग जिन्याचं दार लावतात, वरचा रेडिएटर कमी करतात. आपली शेगडी मात्र घरात नाही. ती आभाळात आहे!

मग वर उष्णता येते कुठून, हे शोधायला आम्ही एक सोपा प्रयोग केला. तो तुम्हीही आज रात्री करू शकता. वरच्या मजल्यावर राहत असाल तर रात्री नऊच्या सुमारास पंखा बंद करून चटईवर उताणे पडा. डोळे मिटा. चेहऱ्यावर ऊब जाणवते का पाहा. आता कुणाला तरी तुमच्या चेहऱ्यावर छत्री उघडून धरायला सांगा. दोन-तीन मिनिटांनी छत्री बाजूला करायची. पुन्हा धरायची. काय वाटतं?

ती मुलगी दुसऱ्या दिवशी धावतच वर्गात आली. "बाई, छत्री धरली की बरं वाटतं! रात्री ऊन पडतं आमच्या घरात!"

किती छान बोलली! अगदी खरं आहे ते. हवा छत्रीच्या वर होती तशीच खालीही होती. उष्णता फक्त हवेतून येत असती तर छत्रीनं एवढा फरक पडला नसता. ती सरळ रेषेत, छतातून, खाली येत होती. सूर्याची उष्णता मधल्या पोकळीतून आपल्यापर्यंत येते ना, तशीच. मोठ्या वर्गातल्या मुलांनी याला प्रारण म्हणतात हे वाचलं असेल. तापलेली कुठलीही वस्तू, चूल, तवा, भिंत, अशी उष्णता फेकत असते. ती डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

आता सगळा उलगडा होतो. दिवसभर स्लॅबवर ऊन पडतं. जुनं काळपट सिमेंट त्यातला मोठा भाग पिऊन टाकतं. ही उष्णता पाच इंच जाडीतून हळूहळू खाली उतरते. तिला काही तास लागतात. म्हणून दुपारी डोक्यावर आलेलं ऊन स्लॅबच्या खालच्या बाजूला पोचतं ते संध्याकाळी. गॅस बंद केल्यावरही तवा भाकरी शेकतो, तसा हा तवा मध्यरात्रीपर्यंत खोली शेकत राहतो. पंखा लावला तर तो छताजवळची गरम हवा ढवळून खाली आणतो. घाम वाळतो म्हणून मोठ्यांना थोडं बरं वाटतं, इतकंच.

आणि खालचा मजला? त्याच्या छतावर ऊन पडतच नाही! त्याचं छत म्हणजे वरच्यांची फरशी. वरच्या खोल्या दिवसभर आपल्या डोक्यावर ऊन घेतात आणि खालच्या घरावर छत्री धरतात. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते वहीतल्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे आमचा गारवा यांच्या जिवावर हाय म्हणा," असं म्हणून हसले. त्यांचं ते "वर वारं असते" पुन्हा काही मी ऐकलं नाही.

वर्गातल्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एका मुलानं आपलेही आकडे आणले. ते वेगळेच निघाले. त्याच्याकडे दुपारी तीनला सगळ्यांत जास्त, ४४. आणि रात्री दहाला ३५. पत्रा पातळ. लगेच तापतो, लगेच निवतो. म्हणून लक्षात ठेवा, पत्र्याखाली दुपार वाईट, स्लॅबखाली संध्याकाळ आणि रात्र वाईट. कोणाला कधी कुठं बसवायचं, झोपवायचं, ते यावर ठरवता येतं.

आता आई-बाबांसाठी एक हकीकत. मुलांनीही वाचायला हरकत नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला भयंकर उष्णतेची लाट आली होती. पारा ४६ अंशांच्या वर गेला होता. तिथल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष वरच्या मजल्यावर होता आणि तो वातानुकूलित नव्हता. त्या वर्षी एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत उष्णतेमुळे आजारी पडलेली २४ नवजात बाळं अतिदक्षता विभागात दाखल करावी लागली. आदल्या वर्षी हा आकडा ८ होता. डॉक्टरांनी नोंदी पाहिल्या आणि कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, अशी बाळं फक्त ४ होती. २०११ चा उन्हाळा थोडा सौम्य होता, हे खरं. पण अभ्यास करणाऱ्यांनी उन्हाचा परिणाम आणि मजल्याचा परिणाम वेगवेगळा मोजला, आणि कक्ष खाली आणल्याचा फायदा त्यात स्पष्ट दिसला. कुठलंही यंत्र नाही, औषध नाही. फक्त खाटा खाली आणल्या. अहमदाबादनं पुढे २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची शहराची योजना केली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छतं चुन्यानं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं.

ही हकीकत मी त्या घरी सांगितली. दुसरं काही सांगावं लागलं नाही. आजींनी त्याच संध्याकाळी आपल्या खाटेशेजारी बाळाचा पाळणा लावून घेतला. बाळ आणि बाळाची आई खाली झोपू लागली. तान्हं बाळ घाम, तहान काही सांगू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणीही देत नाहीत. उन्हाळ्यात त्याला आईचं दूधच जास्त वेळा पाजायचं असतं. ते मलूल पडलं, अंगावर ओढेनासं झालं, अंग चटके बसावं असं तापलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ डॉक्टर गाठा.

पण मुलगी आणि तिचे बाबा अजून वरच होते ना! आणि खाली सगळ्यांना जागा कुठून येणार? तेव्हा तवाच थंड करायला हवा होता.

काकांनी आधी एक युक्ती केली. खालचा कूलर जोरात लावला आणि जिन्याचं दार उघडं ठेवलं, म्हणजे गारवा वर जाईल. गेला का? कसा जाईल! थंड हवा जड. ती खालीच बसून राहिली. वर काही फरक नाही. मग बाबा रोज संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतू लागले. पाणी वाफ होऊन जाताना स्लॅबची उष्णता नेतं, उपाय खोटा नाही. पण आमच्याकडे मे महिन्यात नळाला पाणी कितीदा येतं ते आम्हालाच माहीत. प्यायचं पाणी गच्चीवर ओतणं मला काही पटत नाही. धुण्याचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

खरा उपाय आजींना ठाऊक होता. त्यांचं माहेर धाब्याच्या घराचं. लाकडी सरांवर फळ्या-काटक्या आणि त्यावर मातीचा चांगला जाड थर, असं ते सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर फिकट रंगाची खारी माती टाकायचे. उन्हाळ्यात आत गार असायचं, असं त्या सांगत होत्या. जाड मातीतून ऊन खाली उतरेपर्यंत दिवस संपतो, आणि फिकट रंग बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो. स्लॅबवर हातभर माती टाकता येत नाही, वजन फार होतं. पण रंग तर देता येतो!

ताज्या पांढऱ्या चुन्यावर ऊन पडलं तर दहातले सात-आठ वाटे परत जातात. काळवंडलेल्या सिमेंटवरून दोन-तीनच. वर्गात आम्ही हे डब्यांवर करून पाहिलं. दोन सारखे रिकामे डबे, एक काळा रंगवलेला, एक चुन्यानं पांढरा. दोन्हींत सारखं पाणी, वर झाकण, आणि दोन तास उन्हात. तुम्हीही करा. आकडा सांगत नाही, नाहीतर तुम्ही करणार नाही!

एका रविवारी पहाटे साडेपाचला काका आणि बाबा गच्चीवर चढले. आदल्या दिवशी गच्ची खराट्यानं झाडून, धुऊन वाळवली होती. चुना भिजवायचं काम मात्र मोठ्यांचंच, हे नीट ऐका. चुनकळीत पाणी घातलं की ती उकळते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मुलांनी लांब उभं राहायचं. भिजवून निवलेला चुना गाळून, तो उडून जाऊ नये म्हणून त्यात थोडा फेविकॉल घालून, कुंच्यानं त्यांनी दोन हात दिले. ऊन चढायच्या आत काम संपलं. खर्च चुन्याचा, फेविकॉलचा आणि दोन कुंच्यांचा. काकांच्या चपला कायमच्या पांढऱ्या झाल्या, तो खर्च वेगळा.

आणखी एक बदल केला, तोही फुकटचा. जिन्याच्या वरच्या टोकाला गच्चीचं दार होतं. चोरांच्या भीतीनं ते रात्री बंद असे. बाबांनी तिथं लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं. जाळी जुन्या खिडकीची, घरातच पडलेली होती. आता रात्री दहानंतर, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की ते लाकडी दार उघडतात, खालच्या खिडक्याही उघडतात. मग आमचं जुनं उत्तर कामाला येतं! गरम हवा वर जाते, गच्चीच्या दारातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून गार हवा आत ओढली जाते. सकाळी ऊन आलं की सगळं बंद. दिवसा खिडक्या उघड्या ठेवल्या तर ४३ अंशांची हवा आपणच घरात बोलावतो.

चुना दिल्यावर चौथ्या दिवशी मुलीनं पुन्हा आकडे घेतले. संध्याकाळी ७ वाजता वर ४१ होते ते आता ३८. त्या दिवशी बाहेरचा पाराही एका अंशानं कमी होता, त्यामुळे सगळं श्रेय चुन्याला देऊ नका, असं मी वर्गाला सांगितलं. वर्गाला ते आवडलं नाही. त्यांना चुन्याला शंभरपैकी शंभर द्यायचे होते. पण एरवीही छत पांढरं केल्यानं आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं असा अनुभव आहे, तेव्हा आमचा आकडा काही फार चुकीचा नसावा.

३८ म्हणजे काही थंड नव्हे. वरची खोली माठ झाली नाही. पण मुलगी रात्री अकराच्या आत झोपू लागली. पाढे म्हणताना अजून चुकते, ते मात्र झोपेमुळे नाही!

पावसाळ्यात चुना काळा पडतो, शेवाळ धरतो. म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास गच्ची धुऊन पुन्हा एक हात द्यावा लागतो. ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांना चुन्याचा उपयोग होतोच; शिवाय पत्र्याच्या वर थोडी जागा सोडून हिरवी जाळी बांधली तरी दुपार सुसह्य होते. तुराट्या किंवा पाचट पसरतात काही जण. त्याला आगीची भीती असते, जवळ चूल असेल तर नकोच. भाड्याच्या घरात असाल तर मालकांना आधी विचारा. आणि कठडा नसलेल्या गच्चीवर मुलांनी एकट्यानं पाऊल ठेवायचं नाही.

आता तुमचं काम. घरात वरचा मजला असो नाहीतर एकच खोली असो, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री १० आणि पहाटे ५ असे चार आकडे घ्या. पहाटेचा आकडा आई-बाबांना घ्यायला सांगा. पोस्टकार्डावर लिहून माझ्या नावानं साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. आणि छत कशाचं आहे, स्लॅब, पत्रा, कौलं की धाबं, ते लिहायला विसरू नका. मागच्या वेळी पावसाच्या नोंदी पाठवताना निम्म्या जणांनी गावाचं नावच लिहिलं नव्हतं!